किल -९ देऊनही प्रोसेस परत येते किंवा जातच नाही: कुठे काय तपासायचं

लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्याकडे ही तक्रार फिरून फिरून येते. सकाळी कामाची वेळ झाली की साइट रांगायला लागते. टॉप (आत्ता काय चालू आहे ते दाखवणारी कमांड) उघडावं तर रात्री सुरू झालेला बॅकअप अजून चालूच असतो, फाइली एकत्र बांधणारा टार आणि त्या दाबून लहान करणारा जीझिप यादीत सगळ्यात वर. कोणीतरी किल -९ मारतं, म्हणजे प्रोसेसला (चालू प्रोग्रॅमला) आवरायची संधी न देता संपवायची कमांड देतं. पुढे तीनपैकी एक गोष्ट होते. प्रोसेस लगेच नव्या नंबराने परत उभी राहते. किंवा कितीही वेळा मारली तरी जागची हलत नाही. किंवा मरते खरी, पण अर्धवट फाइल आणि ‘काम चालू आहे’ असं सांगणारं लॉक मागे ठेवून जाते, आणि त्या रात्रीचा बॅकअप सुरूच होत नाही.

तिन्हींची कारणं वेगळी आहेत आणि एकावरही ‘अजून एकदा -९’ हा उपाय लागू पडत नाही. -९ टाइप करण्याआधी दोन गोष्टी बघाव्यात असा माझा आग्रह आहे: प्रोसेस कोणत्या अवस्थेत आहे आणि तिचा पालक, म्हणजे तिला सुरू करणारी प्रोसेस, कोण. या दोन गोष्टी कळल्या की काय करायचं ते बहुतेक वेळा आपोआप ठरतं. पुष्कळदा मारायची गरजच पडत नाही, प्रायॉरिटी खाली आणली तरी भागतं.

कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लहान अक्षरांत आणि रोमन अंकांत टाइप करायच्या, फक्त सिग्नलची नावं मोठ्या अक्षरांत आणि ‘सीपीयूवेट’सारखी सेटिंगची नावं मिश्र अक्षरांत (CPUWeight).

आधी बघा

`पीएस -ईओ पीआयडी,पीपीआयडी,पीजीआयडी,एनआय,स्टॅट,ईटाइम,आर्ग्ज`

समजा यात अशा दोन ओळी दिसल्या:

`४१२०  ४११९  ४१२०  ०  एस  ०७:१२:४१  /बिन/बॅश /ऑप्ट/बॅकअप.एसएच`
`४१२२  ४१२०  ४१२०  ०  डी  ०७:१२:४०  टार -सीझेडएफ /एमएनटी/बॅकअप/डेटा.टीजीझेड /एसआरव्ही`

पहिला आकडा प्रोसेसचा नंबर, दुसरा पालकाचा, तिसरा ग्रुपचा. त्यापुढे नाइसची किंमत (सीपीयूसाठीची प्रायॉरिटी), मग अवस्था, आणि किती वेळापासून चालू आहे ते. एवढ्यावरून बरंच कळतं. काम सात तासांपासून चालू आहे. स्क्रिप्ट ४१२० आहे, खरं काम करणारी टार ४१२२ आहे, म्हणजे फक्त ४१२० ला मारलं तर टार तशीच चालत राहील. नाइस शून्य आहे, म्हणजे हे काम तुमच्या वेब सर्व्हरच्या बरोबरीने रांगेत उभं आहे. आणि टारची अवस्था ‘डी’ आहे, म्हणजे ती सीपीयू खातच नाहीये, /एमएनटी/बॅकअप वरच्या डिस्कची वाट बघत बसली आहे.

इथे एक सावधगिरी. पीएस मध्ये दिसणारी सीपीयूची टक्केवारी ही प्रोसेस सुरू झाल्यापासूनची सरासरी असते, आत्ताची नव्हे. आत्ता कोण सीपीयू खातंय ते टॉपमध्ये बघायचं. दोन्हींचे आकडे जुळत नाहीत म्हणून गोंधळून जायचं कारण नाही.

लोड अॅव्हरेजचंही तसंच. लिनक्समध्ये या आकड्यात सीपीयूसाठी थांबलेल्या प्रोसेसबरोबर ‘डी’ अवस्थेतल्याही धरल्या जातात. १९९३ पासून हे असंच आहे. त्यामुळे लोड ४० आणि सीपीयू ९० टक्के रिकामा असं चित्र दिसू शकतं. तेव्हा नाइस देऊन किंवा सीपीयू वाढवून काहीही होणार नाही. दुखणं डिस्कमध्ये नाहीतर नेटवर्कवरच्या स्टोरेजमध्ये आहे.

मारली की परत येते

परत येणारी प्रोसेस म्हणजे तिला कोणीतरी परत आणतंय. आजच्या बहुतेक सर्व्हरवर तो ‘कोणीतरी’ सिस्टमडी, म्हणजे सर्व्हिस सुरू-बंद करणारा व्यवस्थापक, असतो. नुसतं `सिस्टमसीटीएल स्टेटस ४१२०` असं प्रोसेसचा नंबर देऊन विचारलं तरी ती कोणत्या सर्व्हिसची आहे ते तो सांगतो. ही सोय फार थोड्यांना माहीत असते, आणि शोधाशोधीतला निम्मा वेळ इथेच वाचतो.

आता -९ इथे काय घोळ घालतं ते नीट पाहण्यासारखं आहे. किल कमांड प्रोसेसला सिग्नल, म्हणजे सूचना, पाठवते: साधी किल ‘टर्म’ हा सिग्नल, किल -९ ‘किल’ हा सिग्नल. पुष्कळ सर्व्हिस फाइलींमध्ये ‘रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर’ असं लिहिलेलं असतं. या सेटिंगमध्ये टर्म, इंट, हप किंवा पाइप या सिग्नलने प्रोसेस संपली तर सिस्टमडी ते शिस्तीत बंद होणं मानतो आणि तिला परत उठवत नाही. किल हा सिग्नल त्या यादीत नाही. किलने मेलेली प्रोसेस त्याच्या दृष्टीने कोसळलेली असते, आणि कोसळलेलीला उभं करणं हेच त्याला सांगून ठेवलेलं आहे. म्हणजे साध्या किलने जी गप्प बंद झाली असती तीच -९ मुळे परत उभी राहते. जर्नलमध्ये (सिस्टमडीच्या लॉगमध्ये) त्याची खूण अगदी स्पष्ट असते:

`मेन प्रोसेस एक्झिटेड, कोड=किल्ड, स्टेटस=९/किल`

आणि त्याच्याखाली रीस्टार्ट ठरवल्याची ओळ, काउंटरसकट. मुद्दाम काही लिहिलेलं नसेल तर मधलं अंतर १०० मिलिसेकंद असतं, त्यामुळे डोळ्यांना प्रोसेस मेलीच नाही असं वाटतं. फरक फक्त पीआयडीत, म्हणजे प्रोसेसच्या नंबरात, पडलेला असतो. तो बघायची सवय ठेवा.

‘रीस्टार्ट=ऑलवेज’ असेल तर टर्मनेही ती परत येईल. तिथे किलच्या वाटेला जायचंच नाही, `सिस्टमसीटीएल स्टॉप` म्हणायचं. स्टॉप सांगितल्यावर सिस्टमडी आधी टर्म पाठवतो, ठरलेली मुदत थांबतो, आणि मग स्वतःच किल करतो. मुदत बहुतेक ठिकाणी ९० सेकंद असते. तुम्ही हाताने जे करणार होता तेच तो करतो, फक्त थांबून आणि सर्व्हिसच्या सगळ्या पिल्लांसकट. स्टॉप दिल्यावरही काही वेळाने सर्व्हिस जागी होत असेल तर तिला टायमर किंवा सॉकेट लावलेला आहे का ते `सिस्टमसीटीएल लिस्ट-टायमर्स` आणि `लिस्ट-सॉकेट्स` मध्ये पाहा.

जावाच्या सर्व्हिसमध्ये उलटी गंमत होते. जावा टर्म स्वतः पकडते, आवरतं घेते आणि १४३ हा कोड देऊन बाहेर पडते. १२८ अधिक १५ म्हणजे १४३, म्हणजे टर्म मिळाली होती. पण सिस्टमडीच्या लेखी शून्याखेरीज कोणताही कोड म्हणजे अपयश. शिस्तीत बंद केलेली सर्व्हिस ‘फेल्ड’ म्हणून लाल रंगात दिसते आणि ऑन-फेल्युअर असेल तर परतही येते. सर्व्हिस फाइलमध्ये ‘सक्सेसएक्झिटस्टेटस=१४३’ ही एक ओळ घातली की प्रश्न मिटतो.

आकड्यांचा विषय निघालाच आहे तर १३७ सुद्धा लक्षात ठेवा: १२८ अधिक ९. स्क्रिप्टच्या लॉगमध्ये १३७ दिसतो आणि कोणीही -९ मारल्याचं कबूल करत नाही, तेव्हा `जर्नलसीटीएल -के` मध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा. मेमरी संपली की कर्नल (लिनक्सचा गाभा) स्वतः एखादी प्रोसेस निवडून मारतो आणि तिचं नाव तिथे लिहून ठेवतो. प्रोग्रॅम कंटेनरमध्ये, म्हणजे डॉकर किंवा कुबरनेटीसने चालवलेल्या वेगळ्या कप्प्यात, असेल तर दुसरी शक्यता असते. डॉकर स्टॉप टर्म पाठवून १० सेकंद थांबतो आणि मग किल करतो, कुबरनेटीस ३० सेकंद थांबतो. कंटेनरमधली पहिली प्रोसेस, म्हणजे पीआयडी १, टर्मसाठी काही व्यवस्था केलेली नसेल तर तो सिग्नल चक्क सोडून देते. त्यामुळे प्रत्येक वेळी बंद व्हायला पूर्ण १० सेकंद लागतात आणि शेवटी १३७ येतो. डॉकरला रन करताना `--इनिट` हा पर्याय द्या, म्हणजे एक छोटा इनिट (बाकीच्यांची देखभाल करणारी पहिली प्रोसेस) पुढे बसतो आणि सिग्नल आतल्या प्रोग्रॅमकडे पोचवतो.

कितीही मारली तरी जात नाही

स्टॅट रकान्यातलं पहिलं अक्षर इथे सगळं सांगतं.

‘टी’ असेल तर प्रोसेस थांबवून ठेवलेली आहे. कोणीतरी कंट्रोल-झेड दाबून तसंच निघून गेलेलं असतं. थांबलेल्या प्रोसेसला टर्म पाठवली तर ती पोचते, पण पडून राहते. प्रोसेस परत चालू झाल्याशिवाय तिच्यावर कारवाई होत नाही. म्हणून `किल -कॉन्ट` द्या. आधी पाठवलेली टर्म वाट बघतच असते, ती लगेच लागू होते आणि प्रोसेस नीट आवरून जाते. इथे -९ दिली असती तरी गेली असती, पण आवरायची संधी न मिळता.

‘झेड’ असेल तर ती मेलेलीच आहे. नावापुढे ‘डिफंक्ट’ लिहिलेलं दिसेल. मेमरी सुटली, फाइली बंद झाल्या, उरली ती प्रोसेसच्या तक्त्यातली एक नोंद, कारण पालकाने तिचा निकाल वाचलेला नाही. मेलेल्याला सिग्नल देऊन काही होत नाही. बघायचं ते पालकाकडे. एखाददुसरी झेड असेल तर सोडून द्या. शेकड्यांनी वाढत असतील तर पालक प्रोग्रॅममध्ये दोष आहे. त्याला रीस्टार्ट केलं की अनाथ नोंदी इनिटकडे जातात आणि तो त्या साफ करतो.

‘डी’ हे खरं दुखणं. प्रोसेस कर्नलच्या आत अशा ठिकाणी थांबलेली असते जिथे तिला मध्येच उठवता येत नाही. डिस्ककडून किंवा एनएफएसकडून (नेटवर्कवरच्या स्टोरेजकडून) उत्तर येईपर्यंत -९ सुद्धा नुसतं नोंदवून ठेवलं जातं. २००८ साली लिनक्स २.६.२५ मध्ये यात थोडी सवलत आली: काही ठिकाणी ‘वाट बघ, पण किल आला तर ऊठ’ अशी नवी अवस्था मिळाली आणि एनएफएसने ती बऱ्याच जागी वापरली. म्हणून अडकलेली एनएफएस प्रोसेस कधी -९ ने सुटते, कधी सुटत नाही. नेमकी कुठे अडकली आहे ते रूट होऊन `कॅट /प्रॉक/४१२२/स्टॅक` ने बघता येतं. त्यात एनएफएस किंवा आरपीसी अशी नावं दिसली तर स्टोरेजचा सर्व्हर आणि मधलं नेटवर्क तपासा. तो परत आला की प्रोसेस आपोआप पुढे सरकते. तो येणारच नसेल तर ते स्टोरेज सक्तीने तोडायला `यूमाउंट -एफ`, आणि त्यानेही नाही झालं तर `यूमाउंट -एल`. ब्लॉक डिव्हाइसची (डिस्कची) नावं दिसली आणि कर्नलच्या लॉगमध्ये ‘ब्लॉक्ड फॉर मोअर दॅन १२० सेकंद्स’ अशा ओळी असतील तर ती डिस्क जायच्या वाटेवर असू शकते. तेव्हा प्रोसेसचा नाद सोडा आणि डेटा वाचवायच्या मागे लागा. खरंच सांगतो, अशा वेळी प्रोसेस मारण्यात घालवलेला प्रत्येक मिनिट फुकट जातो.

चौथा प्रकार अवस्थेत दिसत नाही. प्रोसेस ‘एस’ मध्ये आहे, सगळं सुरळीत दिसतंय, टर्म दिली तरी स्क्रिप्ट ढिम्म. बॅशच्या स्क्रिप्टमध्ये ट्रॅप (सिग्नल आला की काय करायचं ती सूचना) लावलेला असला की असं होतं. बॅश टर्म मिळाल्यावर लगेच ट्रॅप चालवत नाही. समोर चाललेली कमांड संपेपर्यंत थांबते. समोर तीन तासांची टार असेल तर ट्रॅपही तीन तासांनी चालेल. उपाय स्क्रिप्टमध्येच करायचा: टार मागे अँपरसँड लावून पार्श्वभूमीला सोडा आणि पुढच्या ओळीत `वेट` लिहा. वेट सिग्नलने मोडतो, ट्रॅप तत्काळ चालतो, आणि ट्रॅपमध्येच टारला टर्म पाठवून अर्धवट फाइल पुसता येते.

ट्रॅप नसेल तर उलटं घडतं. बॅश टर्मने तडक मरते आणि टार अनाथ होऊन चालत राहते. ‘स्क्रिप्ट तर मारली, मग डिस्क अजून का घरघरतेय’ हा प्रश्न त्यातूनच येतो. अशा वेळी अख्ख्या ग्रुपला सिग्नल द्या:

`किल -टर्म -- -४१२०`

नंबराच्या आधीचं उणे चिन्ह म्हणजे ‘या नंबराचा पूर्ण ग्रुप’. पीजीआयडीचा रकाना सुरुवातीलाच यासाठी घेतला होता. मात्र एंटर दाबण्याआधी आकडा पुन्हा वाचा. उणे एक याचा अर्थ ‘मला ज्यांना सिग्नल देता येतो त्या सगळ्या प्रोसेस’ असा होतो. रूट म्हणून `किल -९ -१` टाइप झालं तर सर्व्हरवरचं जवळपास सगळं जातं.

तेवढीच काळजी पीकिलच्या बाबतीत. `पीकिल -एफ बॅकअप` पूर्ण कमांड ओळीत ‘बॅकअप’ शोधतो. शेजारी कोणी बॅकअप.टीएक्सटी नावाची फाइल व्हिममध्ये उघडून बसलं असेल तर त्याचाही एडिटर जाईल. आधी तेच शब्द घेऊन `पीग्रेप -एएफ` चालवा, यादी वाचा, मगच पीकिल. आणि -एफ न लावता पीकिल फक्त नावाची पहिली १५ अक्षरं बघतो, त्यामुळे लांब नाव पूर्ण लिहिलं तर काहीच सापडत नाही.

कोणता सिग्नल कोणाला

किल आणि स्टॉप हे दोनच सिग्नल प्रोग्रॅमला पकडता किंवा टाळता येत नाहीत. बाकीच्यांचा अर्थ प्रोग्रॅम स्वतः ठरवतो, आणि इथे एकाची सवय दुसऱ्याला लावणं महागात पडतं. क्विट हाच सिग्नल घ्या. एनजिनएक्स या वेब सर्व्हरला क्विट दिला तर तो नवीन विनंत्या घेणं थांबवतो, चालू असलेल्या पूर्ण करतो आणि मग बंद होतो. जावाला दिला तर ती बंदच होत नाही, सगळ्या थ्रेडची स्थिती छापून पुढे काम चालू ठेवते. अडकलेल्या जावा प्रोग्रॅमचं निदान करायला याहून सोपं साधन नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या मुख्य प्रोसेसला दिला तर ती तडकाफडकी बंद होते आणि पुढच्या वेळी सुरू होताना तिला रिकव्हरी करावी लागते.

पोस्टग्रेसबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथे -९ चं नुकसान सगळ्यात मोठं असतं आणि ते करणाऱ्याच्या ध्यानीमनी नसतं. एखादी क्वेरी तासभर चालली आहे, टॉपमध्ये तिची बॅकएंड प्रोसेस (त्या कनेक्शनचं काम करणारी) दिसते, म्हणून फक्त तिलाच -९ दिली. मुख्य प्रोसेसला कळतं की आपलं एक मूल अचानक गेलं. सगळ्या बॅकएंडची सामाईक मेमरी त्याने अर्धवट बदलून ठेवली असेल की नाही हे तिला कळायला मार्ग नसतो. म्हणून ती उरलेली सगळी कनेक्शन तोडते आणि डेटाबेस रिकव्हरीत नेते. एका क्वेरीपायी सगळे वापरकर्ते बाहेर पडतात. त्याऐवजी डेटाबेसच्या आतून `पीजी_कॅन्सल_बॅकएंड` वापरा, तो इंट पाठवतो आणि फक्त क्वेरी रद्द होते. कनेक्शनच तोडायचं असेल तर `पीजी_टर्मिनेट_बॅकएंड`, तो टर्म पाठवतो.

सिग्नल नेहमी नावाने द्या, आकड्याने नको. नेहमीच्या पीसीवरच्या लिनक्समध्ये १९ म्हणजे स्टॉप. मॅकवर १९ म्हणजे कॉन्ट. लिनक्सवर १० म्हणजे यूएसआर१, जो डीडीला दिला की ती आतापर्यंत किती कॉपी झालं ते छापते. मॅकवर १० म्हणजे बस एरर, आणि प्रोग्रॅम कोसळतो. आणि यूएसआर१ सुद्धा ज्याला माहीत आहे त्यालाच पाठवायचा, कारण पकडला नाही तर त्याने प्रोसेस मरते.

मारायची गरज नसते तेव्हा

आता मूळ तक्रारीकडे. सकाळी साइट हळू आहे आणि बॅकअप अर्ध्यावर आहे. तो मारला तर सात तासांचं काम पाण्यात. तात्काळ सुटका हवी असेल तर `किल -स्टॉप -- -४१२०` देऊन पूर्ण ग्रुप जागच्या जागी थांबवा, आणि दुपारी गर्दी ओसरली की त्याच रीतीने `-कॉन्ट`. फाइलींच्या बॅकअपला हे छान चालतं. डेटाबेसच्या डंपला मात्र नको. थांबलेला डंप त्याने घेतलेली लॉक धरून बसतो, आणि पलीकडचं कनेक्शनही टाइमआउट होऊ शकतं.

थांबवायचा नसेल तर प्रायॉरिटी खाली आणा. नाइसची किंमत -२० ते १९. जितकी मोठी तितकी प्रोसेस मागे. एक पायरी म्हणजे साधारण सव्वापट फरक. कर्नलच्या तक्त्यात नाइस ० चं वजन १०२४, १० चं ११०, १९ चं १५. एकाच कोअरसाठी ० आणि १० झगडत असतील तर वाटणी साधारण ९० आणि १० टक्के होते, ० आणि १९ असतील तर दुसऱ्याला दीड टक्कासुद्धा मिळत नाही. पण झगडणारं दुसरं कोणी नसेल तर १९ वालीलाही पूर्ण कोअर मिळतो. ‘नाइस दिलं तरी १०० टक्के खातेय’ ही तक्रार नव्हे. रिकामा सीपीयू कामाला लागला, एवढंच.

`रीनाइस -एन १० -पी ४१२२`

लिनक्सवर हा १० म्हणजे थेट नवी किंमत, आधीच्या किमतीत मिळवायचा आकडा नव्हे. आणि साध्या वापरकर्त्याला किंमत फक्त वाढवता येते. एकदा १५ केली की ५ वर आणायला रूट लागतो.

रीनाइस देऊनही काहीच फरक पडला नाही, असंही वारंवार ऐकू येतं. ते खोटं नसतं. कारणं मुख्यतः तीन.

पहिलं, थ्रेड, म्हणजे एकाच प्रोसेसमध्ये समांतर चालणारे कामाचे धागे. लिनक्समध्ये नाइस थ्रेडगणिक असते. `रीनाइस -पी` फक्त मुख्य थ्रेडला लागते. जावा किंवा मायएसक्यूएलमध्ये खरं काम करणारे बाकीचे थ्रेड जुन्याच किमतीवर राहतात. टॉपमध्ये मोठा एच दाबला की थ्रेड वेगळे दिसतात, एनआय रकाना बघा. सगळ्यांना लावायला: `रीनाइस -एन १० -पी $(एलएस /प्रॉक/पीआयडी/टास्क)`, पीआयडीच्या जागी नंबर घालून.

दुसरं कारण कमी लोकांना माहीत असतं आणि सगळ्यात जास्त वेळ खातं. २०११ मध्ये लिनक्स २.६.३८ पासून कर्नलमध्ये ऑटोग्रुप आला. प्रत्येक सेशनचा एक गट होतो, सीपीयू आधी गटागटांत सारखा वाटला जातो, आणि नाइसची तुलना फक्त गटाच्या आत होते. क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममधून) निघालेलं काम एका सेशनमध्ये, वेब सर्व्हर दुसऱ्या सेशनमध्ये. बॅकअपला १९ दिलं तरी तो आपल्या गटात एकटाच आहे, त्याला मागे सारायला आत कोणी नाही, आणि त्याच्या गटाचा वाटा होता तेवढाच राहतो. चालू आहे का ते `कॅट /प्रॉक/सिस/कर्नल/शेड_ऑटोग्रुप_एनेबल्ड` सांगेल. उत्तर १ आलं तर नाइस गटालाच लावायची: `एको १९ > /प्रॉक/४१२०/ऑटोग्रुप`. सिस्टमडीची सर्व्हिस असेल तर यापेक्षा सरळ मार्ग आहे: `सिस्टमसीटीएल सेट-प्रॉपर्टी --रनटाइम बॅकअप.सर्व्हिस सीपीयूवेट=२०`. नेहमीचं वजन १०० असतं. चालू सर्व्हिसला ते लगेच लागतं, आणि मला हाच मार्ग सगळ्यात भरवशाचा वाटतो.

तिसरं कारण, भांडण सीपीयूसाठी नसून डिस्कसाठी असणं. तिथे डिस्कसाठीची प्रायॉरिटी खाली आणायची: `आयओनाइस -सी ३ -पी ४१२२`. पण तो डिस्कच्या शेड्यूलरवर, म्हणजे डिस्कची कामं कोणत्या क्रमाने करायची ते ठरवणाऱ्या भागावर, अवलंबून आहे. `कॅट /सिस/ब्लॉक/एसडीए/क्यू/शेड्यूलर` मध्ये चौकटी कंसातलं नाव बघा. बीएफक्यू असेल तर आयओनाइस पुरता चालतो. ‘नन’ असेल, आणि एनव्हीएमई डिस्कवर बहुधा तेच असतं, तर कमांड तक्रार न करता संपते आणि परिणाम शून्य. जुन्या लेखांमध्ये सीएफक्यूचा उल्लेख असतो; तो शेड्यूलर २०१९ मध्ये लिनक्स ५.० बरोबर गेला. अशा ठिकाणी कामाचाच वेग बांधा: आरसिंकला `--बीडब्ल्यूलिमिट`, टारचा प्रवाह `पीव्ही -एल` मधून (इथे एल मोठा).

रोज रोज होऊ नये म्हणून

काम क्रॉनमध्येच ठेवायचं असेल तर ओळ अशी करा:

`नाइस -एन १० फ्लॉक -एन /रन/लॉक/बॅकअप.लॉक टाइमआउट -के ६० ५एच /ऑप्ट/बॅकअप.एसएच`

टच कमांडने बनवलेली लॉक फाइल -९ नंतर मागे राहते आणि पुढचा बॅकअप अडवते. फ्लॉकचं लॉक कर्नलकडे असतं, प्रोसेस कशीही मेली तरी सुटतं. फाइल डिस्कवर दिसत राहील, तिला हात लावू नका, ती निरुपद्रवी आहे. शिवाय हे लॉक मुलांकडेही जातं, म्हणजे स्क्रिप्ट मरून टार अनाथ चालू राहिली तर दुसरा बॅकअप तिच्या उरावर सुरू होत नाही. टाइमआउट ५ तासांनी पूर्ण ग्रुपला टर्म देतो, ६० सेकंद थांबतो आणि मग किल. मुदत संपून थांबवलं असेल तर कोड १२४ येतो.

ऑटोग्रुप चालू असेल तर वरच्या ओळीतल्या नाइसचा उपयोग अर्थातच कमी. तिथे काम सिस्टमडीच्या टायमरवर हलवा. सर्व्हिस फाइलमध्ये ‘टाइप=वनशॉट’ (एकदा चालून संपणारं काम), ‘सीपीयूवेट=२०’, ‘आयओशेड्यूलिंगक्लास=आयडल’ लिहा. वेगळं लॉक लागत नाही, कारण आधीचं काम चालू असेल तर टायमर दुसरं सुरू करतच नाही. वेळेची मर्यादा घालताना चूक होते ती ‘रनटाइममॅक्ससेक’ लिहिण्याची. वनशॉटला ते लागू होत नाही. तिथे ‘टाइमआउटस्टार्टसेक=५एच’ लिहायचं. आणि या फाइलमध्ये रीस्टार्टची ओळ ठेवू नका, नाहीतर मर्यादेने थांबवलेला बॅकअप भर सकाळी पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल.

बदल केल्यावर `सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड`, आणि दुसऱ्या दिवशी `जर्नलसीटीएल -यू बॅकअप.सर्व्हिस --सिन्स यस्टर्डे`. सुरू झाल्याची आणि संपल्याची अशा दोन वेळा मिळतील. संपल्याच्या जागी टाइमआउटची ओळ असेल तर बॅकअप पाच तासांत मावत नाहीये. तेव्हा मर्यादा वाढवायच्या आधी काय काय कॉपी होतंय ती यादी उघडून बघा. जुने लॉग आणि कॅशचे फोल्डर तिथे हमखास सापडतात.